ताई, आहेस का?

थाईयुआन
१९ नोव्हेंबर

प्रिय युनलिआन ताई,

तुला आणि गेंग दाजींना नमस्कार. तुम्ही दोघं बरे असाल, कोंबड्या अंडी देत असतील, आणि दाजींचा गुडघा थंडीत कुरकुरत का होईना पण चालत असेल. आम्ही इकडे ठीक. आमच्या इमारतीचं हीटिंग सुरू झालं, त्यामुळे घरात तरी स्वेटर काढून बसता येतं. आमचे हे रोज बागेत बुद्धिबळ खेळायला जातात, रोज हरतात आणि घरी येऊन समोरच्याने चाल मागे घेतली म्हणून जेवणभर कटकट करतात. रिटायर झालेला नवरा म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. तुझे तर शेतातच असतात, नशीब तुझं.

पत्र हातात पडल्यावर दाजी म्हणतील, ह्या बाईचा फोन मोडला की डोकं फिरलं? फोनच मोडलाय असं समज. म्हणजे चालतो, पण काच तडकली आहे, टाइप करताना बोटाला लागते. म्हटलं, खूप वर्षांत ताईला पत्र लिहिलं नाही, लिहून बघू. हात पार विसरलाय गं. चार ओळींतच दुखायला लागला.

बोरांची बरणी पोचली. हॉस्पिटलच्या गेटवरच्या छ्याओ काकांनी दिली. म्हणाले, "एक बाई ठेवून गेल्या. म्हणाल्या, रुईफांग बीजिंगहून आली की द्या." दारूत मुरवलेली बोरं करावीत तर तूच करावीस. झाकण उघडलंच नाहीये, नववर्षाच्या आत उघडली तर तू रागावतेस हे पाठ आहे मला. बरणीवर तू बांधलेलं लाल कापडसुद्धा तसंच ठेवलंय. खिडकीत ठेवलीय. येता-जाता दिसते.

परवाच आले मी बीजिंगहून. काय विचारू नकोस, असा वारा की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ट्रेनिंग, औषधांच्या नव्या मशीनचं. बाकावर बसून पाठीचा काटा ढिला झाला. एकदा सगळ्यांनी मिळून ते प्रसिद्ध बदक खाल्लं, तेलकट आणि महाग, तुझ्या हातच्या मटणाच्या नूडल्सची सर नाही त्याला. मी तिकडे आणि नेमकी तू इकडे आलीस, आपली चुकामूक झाली ह्याची फार हळहळ वाटली.

ताई, कशाला आली होतीस गं? मी विचारलं तेव्हा तू लिहिलंस, "काही नाही, सहज." पण बसने एवढे डोंगर उतरून कुणी सहज येत नाही. खरेदीला आली होतीस का? की दाजींचा गुडघा दाखवायला? दाजींना डॉक्टरांचं नाव काढलं की घाम फुटतो, तेव्हा तेही काही खरं वाटत नाही.

उत्तर पाठव. दाजींना लिहायला सांगू नकोस, तुझ्या हाताने लिही. शाळेत फळ्यावरचं वार्तापत्र तूच लिहायचीस, मास्तर दुसऱ्या वर्गांना आणून दाखवायचे, आठवतं? ते अक्षर बघून मला बरं वाटेल.

जास्त काय लिहू. थंडी वाढतेय, पहाटे विहिरीवर जाताना डोकं बांधून जात जा.

तुझी
रुईफांग

---

थाईयुआन
२ डिसेंबर

प्रिय ताई,

तुला नमस्कार, दाजींना नमस्कार.

उत्तर मिळालं. पाकीट बघूनच कळलं की अक्षर दाजींचं आहे, सगळी अक्षरं एका बाजूला कललेली, वाऱ्यात उभी असल्यासारखी. चार ओळी. "बीजिंगचं वाचून छान वाटलं. तुझी ताई बरी आहे, कामात असते म्हणून मी लिहितोय. बोरं नववर्षालाच उघड. तब्येतीला जप."

बीजिंगचं वाचून छान वाटलं! ताई, ती ओळ मी परत परत वाचली.

मी फोन केला. दाजींनी उचलला. "ती कोंबड्यांना दाणे टाकतेय." दुसऱ्या दिवशी केला. "ती कोंबड्यांना दाणे टाकतेय." अहो दाजी, कोंबड्या आहेत की हत्ती? मग मी होंगयेच्या दुकानात फोन लावला. तुला तर माहीत आहे, गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्या बाईला शिजायच्या आधी कळतं. आधी तिने तेलाचे भाव सांगितले, मग म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नाही? युनलिआनच्या उजव्या डोळ्यापुढे पूर्ण अंधार आहे. डावा पण धुरकट. मागे तुमच्या हॉस्पिटलात गेली होती, नंबर मिळाला नाही म्हणून परत आली. आता वैद्याचे थेंब घालते. तू तर तिथेच असतेस ना गं?"

तू तर तिथेच असतेस ना. मी फोन ठेवला.

तर आता मला कळलं की हे पत्र तू वाचणार नाहीस, दाजी तुला वाचून दाखवणार आहेत. म्हणून सगळंच लिहिता येत नाही. पण एवढं लिहिते. दाजी, तुम्ही ऐकताय म्हणून मला लाज वाटते, पण वाचा.

मी बीजिंगला नव्हते.

ट्रेनिंग होतं, त्यात माझं नाव होतं, मग ते रद्द झालं. तुझा निरोप आला तेव्हा मी औषधांच्या खिडकीत माझ्या स्टुलावर बसले होते. फोन वाजला, बघितलं, "रुईफांग, आहेस का?" एवढंच. त्याखाली काही नाही. मी फोन पालथा घातला. थोड्या वेळाने परत बघितला तर वर दिसत होतं, समोरची व्यक्ती टाइप करतेय. मग ते गेलं. मग परत आलं. परत गेलं. मला वाटलं, आता येणार. आता ताई कुणासाठी तरी नंबर मागणार, कुणाच्या तरी सासूसाठी कॉट मागणार. म्हणून तू काही विचारायच्या आतच मी लिहून टाकलं, "ताई, मी बीजिंगला आहे, महिनाभर ट्रेनिंग. काही काम होतं का?"

असं का केलं ते सांगते. सबब म्हणून नाही. बरं, थोडी सबब म्हणूनच.

गावातल्या लोकांना वाटतं, मी हॉस्पिटल चालवते. मी काय करते गं? खिडकीतून औषधांच्या टोपल्या पुढे सरकवते आणि "जेवणानंतर, जेवणानंतर" ओरडते. पण फोनवर रोज कुणीतरी, "आहेस का?" तिसरीतल्या मास्तरांचा जावई, "आहेस का?" ज्याचं तोंडही आठवत नाही तो, "आहेस का?" आणि आपण "हो, बोला" म्हटलं की संपलं, मग नाही म्हणायला तोंड उरत नाही. सुरुवातीला मी सगळ्यांचं केलं. ह्या डॉक्टरांच्या दारात जा, त्यांच्या पुढे हसत उभी राहा. मग एकदा डोळ्यांचे डॉक्टर मियाओ सगळ्या नर्सांसमोर म्हणाले, "रुईफांगबाई, तुमच्या गावात अजून कुणी शिल्लक आहे, की सगळे इथेच आणलेत?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून कानाला खडा. "आहेस का" आलं की मी नसते. कधी रजेवर, कधी मीटिंगमध्ये, कधी फोन चार्जिंगला. आणि आमच्या वीचॅटची सोय बघ, निरोप वाचला हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. लपून बसायला ह्याहून चांगला पडदा कुठे मिळणार?

आमच्या खिडकीवर तान नावाची पोरगी आहे. ती म्हणते, "मावशी, तुमच्या वेळच्या लोकांना ही काय खोड? काम असेल तर सरळ सांगा ना! 'आहेस का' म्हणून दार वाजवायचं आणि उंबऱ्यात गप्प उभं राहायचं. समोरच्याचा जीव टांगणीला." तिने स्वतःच्या नावाखाली लिहूनच ठेवलंय, काम थेट बोला, "आहेस का" पाठवू नका. मला इतकं पटलं की मीही तेच लिहून ठेवलं. तू बघितलं असशील. की नसशील बघितलं. आता वाटतं, तुला दिसलंच नसेल.

पण ताई, तुला ही खोड लावली कुणी? मी.

तू फोन घेतलास तेव्हाचं आठव. डुकरीण व्यायली, दाजी शेजाऱ्याशी भांडले, तिखटाची पूड ओली झाली, सगळं एका दमात एका निरोपात पाठवायचीस, मध्ये श्वास नाही. माझा फोन सारखा ट्यँव ट्यँव करायचा आणि बाजूच्या बायका हसायच्या. मीच सुट्टीला आले तेव्हा तुझ्या ओट्यावर बसून तुला शिकवलं. "ताई, असं अंगावर ओतायचं नाही. आधी नुसतं विचारायचं, आहेस का? समोरचा मीटिंगमध्ये असेल, साहेबासमोर असेल. तो 'आहे' म्हणाला की मगच बोलायचं. शहरात असंच करतात. आणि आवाजाचे निरोप तर पाठवूच नकोस, माणूस चार लोकांत असतो, कानाला कसा लावणार?" तू लगेच म्हणालीस, "बरं झालं सांगितलंस, मी मेली गावंढळ, तुझी शोभा करत होते." आणि दुसऱ्या दिवसापासून तुझं सुरू. "रुईफांग, आहेस का?" मग थांबणं. कधी दुपारपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. मी "आहे" म्हटल्याशिवाय तू एक अक्षर पुढे गेली नाहीस.

आता कळतंय, त्या दिवशी तू एवढंच का लिहिलंस. तुला एका वेळी तेवढीच अक्षरं जमत असतील. आवाजाचा निरोप पाठवायचा नाही असं मी सांगितलं होतं, म्हणून तू पाठवला नाहीस.

तू आली आहेस हे मला माहीत नव्हतं, ताई. मला वाटलं, गावाहूनच लिहिते आहेस. शपथ घेते. माहीत असतं तर धावत आले नसते का?

आता कामाचं. काल मी डॉक्टर मियाओंच्या दारात जाऊन उभी राहिले. एवढ्या वर्षांनी. म्हटलं, "गावातलीच आहे, पण बहिणीसारखी आहे, तुम्ही काय बोलायचं ते बोला." ते म्हणाले, "मी काय बोलणार?" मी त्यांना त्या टोमण्याची आठवण करून दिली. ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी असं म्हणालो? कधी?" त्यांना आठवतही नाही गं! ज्या एका वाक्यामागे मी इतकी वर्षं लपले, ते बोलणारा केव्हाच विसरून गेला होता.

मग होंगयेने जे सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण काचबिंदू वाटतो. उजव्या डोळ्याची जी नजर गेली ती बहुतेक परत यायची नाही. डावा वाचवता येईल, पण लवकर आणा, थेंबांवर विसंबून बसू नका. नंबर वगैरे सोडा, मी बघतो. आणि मग विचारलं, "एकदा इथपर्यंत आल्या होत्या, तर तेव्हाच का नाही आणलंत माझ्याकडे?"

मी म्हटलं, मी बीजिंगला होते.

आली जीभ आणि बोलली. तोंडाला सवयच झालीये.

ताई, ये. दाजी, घेऊन या तिला. ह्या गुरुवारी नाहीतर पुढच्या. राहायला आमच्याकडे. सकाळी राळ्याची पेज करून ठेवीन. नाही म्हणू नकोस.

तुझी
रुईफांग

---

थाईयुआन
१२ डिसेंबर

युनलिआन ताई,

नमस्कार. आज खुशाली विचारत नाही, कारण ती मला माहीत आहे.

तुझं उत्तर आलं. दाजींच्या वाकड्या अक्षरात, पण ह्या वेळी शब्द तुझेच आहेत, मला तुझा आवाज ऐकू आला. "मी येत नाही. तुझ्या त्या डॉक्टरांनी तुला पुन्हा चारचौघींत बोलायला नको. वैद्याचे थेंब बरे आहेत. तू बीजिंगला नव्हतीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? नोकरी करणाऱ्या माणसाला दहा व्याप असतात. मी बोरं ठेवून आले, काम झालं." आणि खाली दाजींनी स्वतःचं लिहिलंय, "ती भिंतीला धरून चालते. मला सांगू नको म्हणाली, पण मी लिहितो."

गुरुवारी मी गेटवर उभी होते. बस येते तेव्हापासून. छ्याओ काका म्हणाले, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, बहिणीची. ते म्हणाले, "बोरंवाल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी मला स्टूल दिलं, मी बसले नाही.

आता हे पत्र दाजी वाचतील. वाचू देत. मागच्या वेळी मी म्हटलं होतं की दाजी ऐकतात म्हणून सगळं लिहिता येत नाही. ती पण सबबच होती. दाजी, तुम्ही मोठ्याने वाचता म्हणून ताई नेहमी कुरकुरते. आज मोठ्यानेच वाचा. अंगणात वाचलंत तरी चालेल. होंगये येऊन बसली तर तिलाही ऐकू द्या. आणि ताईने हात वर करून "पुरे" म्हटलं तरी थांबू नका.

मी मागच्या पत्रात शपथ घेतली की तू आली आहेस हे मला माहीत नव्हतं. ती शपथ खोटी होती.

निरोप आला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण दुपारी मी तुला बघितलं.

जेवणाची सुट्टी होती. मी डबा घेऊन निघाले होते, बरोबर तान होती आणि वरच्या मजल्यावरच्या दोन नर्स होत्या, आम्ही कशावरून तरी खिदळत होतो. नंबर काढायच्या मशीनपाशी खांब आहे ना, त्याच्या पलीकडे तू उभी होतीस. तुझा जांभळा कोट, पुतणीच्या लग्नात घेतलेला. हातात पिशवी, त्यातून बरणीचं लाल कापड दिसत होतं. माझं हसणं तुला आधी ऐकू आलं असेल. तू मान वळवलीस, मला बघितलंस, तुझं तोंड उघडलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर तुझ्या ओठांवर आलेलं मी बघितलं, ताई.

आणि मग तुला आठवलं की मी बीजिंगला आहे.

तू झटकन खांबाआड झालीस. भिंतीवर तान्ह्या बाळांना अंगावर पाजण्याबद्दलचा तक्ता आहे, त्याच्याकडे तोंड करून वाचत राहिलीस. अगदी मन लावून, बोट फिरवत. तुझी नातवंडंसुद्धा शाळेत जातात गं! मला त्या क्षणीच कळलं की तू लपते आहेस. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी उघडी पडू नये, बायकांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू, जिला गरज होती ती, चोरासारखी भिंतीला लागून उभी होतीस. आता तर हेही कळलंय की त्या तक्त्यातलं तुला काही दिसतही नव्हतं.

आणि मी काय केलं? हाक मारायला चार पावलं पुरे होती.

मी पुढे गेले. तान म्हणाली, "मावशी, त्या बाई तुम्हाला ओळखतात का?" मी म्हटलं, "नाही गं, कुणीतरी गावाकडची." आणि ताई, सगळ्यात वाईट ते अजून सांगायचंय. मला बरं वाटलं. तू लपलीस ह्याचं मला बरं वाटलं. मनात आलं, चला, ताई समजूतदार आहे, निभावलं. मी वर जाऊन जेवले. वांग्याची भाजी होती. सगळी संपवली.

लाज वाटायला लागली ती संध्याकाळी, छ्याओ काकांनी बरणी हातात दिली तेव्हा. "एक बाई आत्ताच ठेवून गेल्या. म्हणाल्या, बीजिंगहून आली की द्या. मी म्हटलं, अहो, रुईफांगबाई तर रोज इथूनच ये-जा करतात. तर म्हणाल्या, नाही नाही, त्या बीजिंगला आहेत, तुमची काहीतरी चूक होतेय." म्हणजे मला डोळ्यांनी बघून आल्यावरही, एका वॉचमनसमोरसुद्धा तू माझी बाजू राखलीस. काका माझ्याकडे बघत होते. मी बरणी घेतली आणि थँक यू म्हणायला विसरले.

आणि तरी पहिल्या पत्रात मी तुला बदकाच्या गोष्टी सांगितल्या. वारा, नाक, तेलकट बदक! ते सगळं आमच्या ह्यांच्या मेहुण्याकडून ऐकलेलं. तू ते दाजींकडून वाचून घेत बसली असशील, मांडीवर हात ठेवून, आणि दाजी मध्येच म्हणाले असतील, "ही बाई थापा मारतेय." तू म्हणाली असशील, "वाचा पुढे." हो ना? असंच झालं असेल. मला ते डोळ्यांसमोर दिसतं आणि वाटतं, कुठे जाऊन तोंड लपवू.

माझा फोन फुटलेला नाही. वीचॅटवर तुझी ती खिडकी उघडली की शेवटचा तुझा निरोप दिसतो, "बीजिंगला थंडी असेल, जप." त्याच्याखाली काय लिहायचं ते मला सुचत नाही, म्हणून कागद घेतला.

क्षमा कर असं लिहिणार होते. पण तू लगेच "केली" म्हणशील आणि दाराआड जाऊन थेंब घालशील. तसली स्वस्त क्षमा मला नको. मला तुझा डावा डोळा हवाय, ताई. तू मला शिव्या दे, चारचौघींत माझी अब्रू काढ, पण तो डोळा माझ्यावरच्या मायेपायी घालवू नकोस. डॉक्टरांना मी खरं सांगितलं, सगळं, त्या नर्सांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. तान रडली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मग आता तुम्ही स्वतः जा आणि घेऊन या."

तर मी येतेय. हे पत्र तुला गुरुवार-शुक्रवारी मिळेल, शनिवारच्या पहिल्या बसने मी निघते. रजा काढली आहे, ह्या वेळी खरोखरीची. होंगयेच्या भावाची गाडी सांगून ठेवलीय, परत येताना तुला बसचे धक्के नकोत. बरणी बरोबर आणते, अजून उघडलेली नाही.

तुमच्या फाटकाशी आले की मी हाक मारणार नाही. कडी वाजवणार नाही. तुझ्या फोनवर निरोप पाठवीन, "ताई, आहेस का?" एवढाच. दाजी, तो तिला वाचून दाखवा आणि बाजूला व्हा, तिच्या वतीने काही बोलू नका. कोंबड्यांचं तर मुळीच नाही.

तू "आहे" म्हणालीस तर मी आत येईन, आणि काय कामाने आलेय ते एका दमात सांगेन, मध्ये श्वास न घेता, तू सांगायचीस तसं.

आणि तू म्हणालीस की बीजिंगला आहेस, तर मी खरं मानीन. उलट प्रश्न करणार नाही, भिंतीवरून डोकावणार नाही. बरणी दाजींच्या हातात देईन, म्हणेन, बीजिंगहून आली की द्या. मग तुमच्या फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहीन. बस जाईल, तिला जाऊ दे. तू परत येईपर्यंत मी तिथेच असेन.

बीजिंग कधीच न पाहिलेली,
तुझी
रुईफांग